शेपटीचा पंखा

१५ सप्टेंबर १९७४, रविवार

उडालं एकदाचं! उसावर पाकोळीची कीड पडून तीन आठवडे झाले होते. कारखान्यानं भाड्यानं आणलेलं हेलिकॉप्टर आज फवारणीला निघालं. पायलट कॅप्टन भरुचा मुंबईचे, मेकॅनिक सिकंदर आपल्या कोल्हापूरचाच. गर्दी मागं ठेवायचं काम शेती अधिकारी म्हणून माझ्याकडे.

पूजा झाली तेव्हा कुणी गुलाल उधळला नाही. मला वाटलं, लोक शहाणे झाले. पण जोतिबाची पालखी उचलल्यावरच गुलाल-खोबरं उधळतात, हे मी विसरलो. मशीन जमिनीपासून सुटलं आणि चारी बाजूंनी 'चांगभलं'! खोटं कशाला लिहू — माझ्याही हातात खोबऱ्याची अख्खी वाटी होती. हात आपोआप वर गेला, वाटी सुटली. शेपटीकडे टक्कन आवाज झाला.

कॅप्टननी लगेच खाली घेतलं. शेपटीच्या लहान पंख्याच्या पात्यावर नखाएवढी खोच पडलेली. सिकंदरनं कानस मारून ती गुळगुळीत केली. "मुंबईच्या कंपनीला इचारून मग उडवूया की, साहेब," म्हणाला. "आठ दिवस जातील. चेअरमन मला खातील," मी म्हणालो. मशीन उडायला ठीक असल्याच्या कागदावर सही करून त्यानं कॅप्टनना होकार दिला.

१६ सप्टेंबर

दोनशे एकर झाले. त्या खोचेचं मी उगाच मनाला लावून घेतलं होतं.

१७ सप्टेंबर

तेच पातं हवेत तुटलं. मशीन स्वतःभोवती गरगर फिरत उसात गेलं. मी बांधावर उभा होतो. शेजारी सिकंदर होता. "वरचा पंखा उचलतोय, शेपटीचा तोंड सरळ धरतोय. त्यो गेला की पायलटच्या हातात काय बी ऱ्हात न्हाय," एवढंच बोलला.

कॅप्टनना बाजल्यावर घालून बाहेर आणलं. शुद्ध होती. "कुणावर पडलो नाही ना?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हणालो.

१८ सप्टेंबर

कॅप्टन भरुचा गेले.

२१ सप्टेंबर

पात्याला खोच कशानं पडली, चौकशीवाले हेच विचारताहेत. गावोगाव सिकंदरच्या नावानं बोंब. चेअरमन मला बाजूला घेऊन म्हणाले, "खोबऱ्याचं नाव काढायचं न्हाय. देवावर यील."

देवावर कसलं — माझ्यावर येईल. नोकरी जाईल, कदाचित तुरुंगही. कॅप्टनच्या आधी मला हेच आठवतं, याची लाज वाटते.

२२ सप्टेंबर

सिकंदरच्या घरी गेलो. त्याची बायको मलिका चहा ठेवून गेली, माझ्याकडे पाहिलं नाही.

"उद्या मी सगळं सांगतो," मी म्हणालो.

"खोच बघून बी मी उडू दिलं, साहेब. माझं लायसन जाणारच हाय. तुमची नोकरी बी कशाला घालवायची?"

"उडव म्हणून मीच सांगितलं की."

"कागदावर सही माझी हाय."

चहा तसाच ठेवून उठलो. तो काहीही म्हणो, उद्या सांगणारच. दोनदा लिहून ठेवतो — सांगणारच.

२३ सप्टेंबर

मी तोंड उघडायच्या आत चौकशीच्या साहेबांनी सिकंदरचा जबाब पुढे सरकवला. 'खोबऱ्याची वाटी माझ्याच हातून उडाली.'

"तुम्ही तिथं होता. बरोबर आहे ना?"

साक्षीदाराच्या जागी मी सही केली.