जुना कॅमेरा नेतेय

दादा,

तुझा नवा छोटा कॅमेरा टेबलावरच ठेवलाय. दवाखान्यात मी जुना डीएसएलआर घेऊन चाललेय, तेच आपलं धूड. चिडू नकोस.

तुझ्या कॅमेऱ्यात फोटो झकास येतात, कबूल. पण काल तू तो समोर धरलास आणि बाबा भिंतीकडेच बघत राहिले. फोटो काढतोयस हे त्यांना कळलंच नाही रे. मोठा कॅमेरा दिसला की ते आपोआप ताठ बसतात, कंगवा मागतात. मला ते तसे हवेत, एकदा तरी.

जुना आता चालूच होत नाही, हे त्यांच्यासमोर बोलू नकोस. तुझा खिशात घालून ये. मी मोठा डोळ्याला लावून "हसा, बाबा" म्हटलं की तू शेजारून फोटो काढ.

कंगवा घेतलाय. केस राहिले नाहीत, तरी मागतील.