भनपुरीहून येणारी गाणी

९ जानेवारी, गुरुवार

पोराची ड्युटी कोणती, नोकरी पक्की का ठेक्यावरची, पिते-बिते का — यातलं एकही विचारलं नाही मी! परत येताना ऑटोत चेतना रस्ताच पाहत होती. घरी आल्यावर मात्र सगळा हिशेब चुकता केला. "तुम्ही आपल्या पायलसाठी पोरगा पाहायले गेले होते का पोराच्या बापाले?"

आता बायकोले काय सांगू. रायपूरच्या त्या टोकाले, भनपुरी येईपर्यंत डोकं तापलेलंच होतं. ट्रकच ट्रक, धूळ, वरून गुडघे दुखून राहिले. पोराचं घर सापडलं, पोहे आले, चहा आला. पोरगा यशदीप खाली मान घालून बसलेला. तेवढ्यात आतल्या खोलीतून बारीक आवाज. पियानो. ड्रमवर काडी नाही, ब्रश फिरवतात ना तसं सुळसुळ. मंग ती तोंड दाबलेली ट्रंपेट. मी कप खाली ठेवला. पोराच्या वडिलांले, लहानूजींले, विचारलं, "हे कोणी लावलं जी?"

लाजले ते. म्हणे, "माझंच आहे जी. बंद करायचं राहून गेलं."

चाळीस वर्षांत हे ऐकणारा पहिला माणूस भेटला. पगार काय विचारतो मी!

११ जानेवारी, शनिवार

सकाळी सहाले फोन टुणकन वाजला. लहानूजी. एक गाणं, अन् खाली लिहिलेलं — 'गाण्याच्या मधात क्लॅरनेट ऐका.' ऐकलं. तीनदा ऐकलं.

मीही पाठवलं एक. पाठवल्यावर दर दोन मिनिटांनी फोन पाहून राहिलो, त्यांनी ऐकलं का नाही म्हणून. साठ वर्षं उलटली अन् ही गत.

१३ जानेवारी, सोमवार

आज त्यांचं एक जुनं हिंदी आलं. म्हणे, चाल पूर्ण साहेबी आहे, फक्त कुर्ता घातला आहे. खरं आहे.

१९ जानेवारी, रविवार

आज निवांत लिहितो. निवांत म्हणजे काय — तीनदा उठलो लिहिता लिहिता.

रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये अप्रेंटिस होतो तेव्हा बाजूच्या क्वार्टरमधले गार्डसाहेब, अँग्लो-इंडियन, गाव सोडून गेले. जाताना एक पिशवी कॅसेटी देऊन गेले. "यू विल लाइक, प्रफुल्ल." तिथून लागलं हे वेड. घाई नाही, आरडाओरडा नाही, गाणारा बाजूले खुर्ची घेऊन बसल्यासारखा गाते. शब्द मले निम्मे कळत नाहीत. घरात या गाण्यांले 'इंग्रजी भजन' म्हणतात. चेतनाच्या भीमगीतांवर सगळा मोहल्ला टाळ्या वाजवते, माझं लागलं का दार लोटून घेतात. शॉपमध्ये एकदा टिफिनच्या टायमाले ऐकवलं होतं तं म्हणे गजभिये, झोप येऊन राहिली, बंद करा.

लहानूजी नागपूरले लग्नाच्या बँडात क्लॅरनेट वाजवायचे. त्यांचा बँडमास्तर रेल्वे इन्स्टिट्यूटमधल्या नाचाच्या प्रोग्रामले जाऊन चाली उचलून आणायचा. नवरदेव घोड्यावर अन् खाली हे साहेबी संगीत! कोणाले काही कळत नव्हतं, म्हणे, पण घोडा शांत चालायचा. मंग ते रायपूरले ट्रान्सपोर्टच्या नोकरीत लागले अन् क्लॅरनेट पेटीत गेलं. ते याले 'हॉटेलचं म्युझिक' म्हणतात. पायलनं सांगितलं, "पापा, इसको जॅझ बोलते हैं. स्टँडर्ड्स." असन.

महत्त्वाचं राहूनच गेलं. पायल परवा यशदीपले दुसऱ्यांदा भेटली, अन् आज लग्नाले हव म्हणली. मी भांडे घासून राहिलो होतो, ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती बराच वेळ. मंग म्हणली, "ठीक है पापा. हव बोल दो."

लगेच भनपुरीले फोन लावला. हात पुसायचेही राहिले. साक्षगंध सोळा फेब्रुवारीले, अंगठ्या त्याच दिवशी.

२५ जानेवारी, शनिवार

पायल लॅबमधली ड्युटी सुटल्यावर यशदीपसोबत शंकर नगरच्या त्या कॉफीवाल्याकडे गेली होती. अर्ध्या तासात वापस. मी म्हणलं, इतक्या लवकर? म्हणे, कॉफी खत्म हो गई.

जेवताना म्हणली, "पापा, जल्दी क्या है? अप्रैल में भी हो सकता है ना साक्षगंध."

मी म्हणलं, पोरगा चांगला आहे, घर चांगलं आहे, हॉल बुक झाला, भंतेजींले सांगून झालं. एका दमात बोललो सगळं. ती वरण वाढून घेत होती, तशीच उठली. ताटात वरण तसंच राहिलं.

जीव लागत नाही कुठे. गेटपर्यंत गेलो, वापस आलो.

२९ जानेवारी, बुधवार

फजिती! साक्षगंधाच्या दिवशी पोरगा-पोरगी हॉलमध्ये येतीन तेव्हा लावायले मी अन् लहानूजींनी एक गाणं पक्कं केलं होतं. आठ दिवस खल चालला होता. बाई गाते, मागून पियानो, इतकं गोड का विचारू नका. पायलले ऐकवलं. ती ऐकता ऐकता हसायले लागली. म्हणे, पापा, यात त्या बाईचं लग्न मोडलं आहे. ती आपल्या लग्नाचा झगा विकायले निघाली आहे.

चाळीस वर्षांपासून ऐकून राहिलो मी हे! लहानूजींले फोन केला तं तेही गार. म्हणे, आम्ही तं हे वरातीत वाजवलं आहे जी, कितीक वेळा.

पायल हसून हसून लाल झाली होती. मंग एकदम उठून आत गेली. मले वाटलं जाऊन विचारावं. पण लहानूजींचा फोन चालूच होता.

२ फेब्रुवारी, रविवार

चेतना म्हणते, पोट्टीशी बोला. मी म्हणलं, बोलतो. "कधी?" बोलतो म्हणलं ना.

तेलीबांध्याच्या तलावापर्यंत चालत गेलो अन् चालतच आलो. कानात लहानूजींचं आजचं गाणं. अर्ध्यात बंद केलं, मंग पुन्हा लावलं. काय बोलू तिच्याशी? ती काय म्हणन ते मले माहीत आहे, म्हणूनच तं पाय घराकडे वळून नाही राहिले.

सोयरीक मोडली का दोन घरांचं बोलणं संपलं. आमच्या आत्याच्या पोरीच्या वेळचं पाहिलं आहे मी. पंचवीस वर्षं झाली, ते लोक अजूनही विहारात आम्हाले पाहून दुसऱ्या बाजूले जाऊन बसतात.

४ फेब्रुवारी, मंगळवार

आज गाणं आलं नाही. सहा वाजले, सात, नऊ.

५ फेब्रुवारी, बुधवार

आजही नाही. अकराले ऑटो पकडला अन् भनपुरी गाठलं. चेतनाले सांगितलं बँकेत जातो. साठीतला माणूस बायकोशी खोटं बोलून गाण्यासाठी भनपुरीले चालला आहे!

लहानूजी दारातच बसले होते. चेहरा उतरलेला. म्हणे, घरात जरा बोलाचाली झाली जी, मन नव्हतं. मी घाबरलो. "आपल्या कार्यक्रमाचं काही नाही ना?"

"नाही नाही. साक्षगंध पक्कं आहे."

मी म्हणलं, आमच्याकडूनही पक्कं. मंग दोघांलेही बरं वाटलं. त्यांनी पेटीतून क्लॅरनेट काढून दाखवलं. ओठ लावले, पण फुंकलं नाही. दात राहिले नाहीत म्हणे पहिल्यासारखे.

येताना ऑटोत विचार आला का मी पायलची बोलणी पक्की करून आलो का माझी. विचार झटकला. लिहून मात्र ठेवतो.

८ फेब्रुवारी, शनिवार

पायलनं आज सांगितलं. सकाळी, मी टेरेसवर कपडे वाळत घालून राहिलो होतो तेव्हा. अन् मराठीत बोलली. ती माझ्याशी मराठीत कधी बोलते!

"पापा, मले नाही करायचं."

यशदीप वाईट नाही म्हणे. दारू नाही, तोंड खराब नाही. पण बोलायलेच काही नाही. "तो विचारते, और बताओ. मी म्हणते, बस. मंग तो मोबाइल पाहते अन् मी खिडकी. पापा, आयुष्यभर खिडकी पाहू का मी?"

अन् मी काय म्हणलं? लिहितानाही लाज वाटून राहिली. मी म्हणलं, "मंग लहानूजींले काय सांगू?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. रागावली असती तं चाललं असतं. म्हणे, "म्हणूनच हव म्हणलं होतं मी."

मी तिथंच चड्डी-बनियनच्या बादलीजवळ बसलो. ती सांगत गेली. रिटायर झाल्यापासून तुम्ही दिवसभर गेटपर्यंत जाता अन् वापस येता. मम्मीशी भांडता, पेपरवाल्याशी भांडता. एकच बातमी तीनदा वाचता. अन् त्या दिवशी तुम्ही भांडे घासता घासता गुणगुणत होते. "मी लहान होती तेव्हा शेवटचं ऐकलं होतं तुमचं गुणगुणणं. मले वाटलं, मी नाही म्हणलं तं हे बंद होईन."

माझी पोरगी माझ्या गाण्यांसाठी लग्न करून राहिली होती. अन् मी ते होऊ देऊन राहिलो होतो. मले माहीत नव्हतं असं मी या वहीतही लिहू शकत नाही. दोन तारखेचं वाचलं तं त्यात लिहिलेलंच आहे.

तिच्या डोक्यावर हात ठेवला. म्हणलं, नाही करायचं तं नाही करायचं. ती रडली. मीही रडलो. मंग तिनंच उरलेले कपडे वाळत घातले.

चेतनाले सांगितलं. ती फक्त म्हणली, "महिनाभर हेच सांगून राहिली मी." बरोबर आहे तिचं.

९ फेब्रुवारी, रविवार

सहाले लहानूजींचं गाणं आलं. उघडलं नाही.

दिवसभर फोन उशीखाली. चारदा चप्पल घातली, चारदा काढली. फोनवर सांगायची ही गोष्ट नाही. अन् तोंडावर सांगायची हिंमत नाही. त्यांच्याशिवाय सकाळ कशी जाईन हा विचार अजूनही येऊन राहिला, एवढं होऊनही! स्वतःचीच चीड येते.

१० फेब्रुवारी, सोमवार

भनपुरीले जाऊन आलो. दारातच सांगून टाकलं, बसलो असतो तं जीभ उचलली नसती. "आमच्याकडून नाही जी. पोरीचं मन नाही. मले कळत होतं, तरी मी रेटलं."

लहानूजी बाहेर आले, मागे दार लोटून घेतलं. मंग म्हणे, "यशदीपनं मागच्या सोमवारीच सांगितलं होतं मले. त्याचंही मन नाही. मीच त्याले चूप बसवलं जी. गाणे बंद होतीन म्हणून."

दोघंही उभेच होतो. मंग हॉलवाल्याले नाही सांगायले सोबतच गेलो, त्यांच्या स्कूटीवर.