दगडी नाशपती

२ डिसेंबर
ती. दादास शि. सा. न. वि. वि.

घात झाला. रोपवाटिकेचे मालक काल येऊन गेले. नानांची 'दगडी' नाशपती आवडून मालकांनी कलमे मागितली तरच झाड राहील, एरवी तेथे कारखान्याची शेड उठेल, असे आपल्या धाकट्याने बजावलेच होते. म्हणून मी निवडक फळे मुद्दाम झाडावरच पिवळी होऊ दिली. मालकांनी एक कापले, तो गाभ्यापाशी तपकिरी चिखल! धाकटा म्हणाला, ताई, दगड होती तेव्हा निदान कुणाला फेकून तरी मारता आली असती. रविवारी करवतवाले येणार.

लोभ आहेच, या खेपेस उपायही पाठव.
तुझी,
ताई

५ डिसेंबर
चि. ताईस अ. आ.

चूक मायेची असली तरी चूकच. ही जात झाडावर ठेवली की आतून सडते. नुसते उचलताच देठ सुटू लागला, की कठीण, हिरवे फळच उतरवायचे, कागदात गुंडाळून गारव्यात ठेवायचे आणि देठापाशी अंगठा किंचित दबला, तरच कापायचे. नाना होते तोवर हे दरवर्षी करीत. आपण फक्त खायला हजर.

मागच्या भेटीत झाडावरून हिरवीच आणलेली फळे मी ऑफिसात फायलींच्या कपाटात ठेवली होती. साहेब, अत्तराचा जोडधंदा काढलात काय, असे हेडक्लार्क रोज विचारतात. आज अंगठा दबला. साल तीच खरखरीत. गर लोण्यासारखा, रस मनगटापर्यंत. उरलेली मालकांकडे रवाना केली आहेत. वेळेत पोचतील, याची खात्री नाही. धाकट्याला थोपव. न ऐकल्यास फांद्या तरी जाळू देऊ नकोस. कलमासाठी पाने गळालेल्या काड्या ओल्या गोणपाटात काही काळ जिवंत राहतात.

धीर सोडू नये, ही विनंती.
तुझा,
दादा

११ डिसेंबर
ती. दादास शि. सा. न. वि. वि.

तुझे पत्र शनिवारी मिळाले. धाकट्याने वाचले आणि म्हणाला, दादा हिशेबाला पक्का, पण सडके फळ मी डोळ्यांनी पाहिले आहे. रविवारी झाड पडले. मी फांद्यांवर ओले गोणपाट टाकून शेजारी खुर्ची मांडून बसले. करवतवाले हसत होते.

सोमवारी मालक धापा टाकीत आले, हातात तुझी नाशपती. तोडलेल्या बुंध्यापाशीच बसले. मग तीच कापून त्यांनी धाकट्यापुढे धरली. त्याने एक फोड खाल्ली. रसाने माखलेला हातही पुसला नाही. काड्यांचे भारे त्यानेच मालकांच्या गाडीत चढवले. आज शेडचा पाया खणणारे आले, त्यांना त्याने परत पाठवले. का, म्हणून विचारले, तर माझ्यावरच खेकसला, की कलम काय तुझ्या डोक्यावर लावायचे?

ते जगते की नाही, पालवीच्या वेळी कळेल. तोवर लोभ कागदात गुंडाळून, गारव्यात जपून ठेव.
तुझी,
ताई