भाकरीच्या डब्यातला आरसा

क्रांती चौक, दुकानातून
मंगळवार, दुपार

प्रिय बद्री,

‘प्रिय’ लिहिलंय ते सवयीनं, लगेच खूश होऊ नको. मनातलं पहिलं वाक्य लिहिलं असतं तर हे पाकीट तुझ्या पोरीच्या हाती द्यायची सोय राहिली नसती. काल तनुजा कॉलेजला जाता जाता दुकानात आली, काउंटरवर भाकरीचा डबा ठेवला आणि म्हणाली, काका, पप्पांनी दिलाय. मला वाटलं, तुझ्या मायनं धपाटे पाठवले. तुझी भाभी आबेदा दुकानातच होती, तिला म्हटलंसुद्धा की आज घरचा डबा राहू दे. उघडून बघतो तर टॉवेलात गुंडाळलेला आपला आरसा! आठ इंची, आपण दोघांनी आठ महिने खपून घासलेला, आपल्या दुर्बिणीचा जीव. आणि वर तुझी चिठ्ठी, त्यात तू लिहितोस: ही दुसरी काच माझ्या हातून गेली, पहिलीही माझ्यामुळंच गेली होती, माझ्या हाताला हे काम नाही, नळी नंतर पाठवतो, रविवारी आता येणार नाही, माफ कर. बावीस वर्षांच्या दोस्तीचा पाच ओळींत निकाल लावलास आणि तोही पोरीच्या हाती धाडलास. लाज नाय वाटली? तूही तेच करतोयस म्हणशील. मग फोन का बंद ठेवलास?

काय झालं ते तनुजाकडून खोदून खोदून काढून घेतलं. खंडेनवमीला तुझ्या घरी नांगर, विळे, ट्रॅक्टर, सगळ्याची पूजा होते, हे मला काय नवीन आहे का? दर वर्षी येऊन पुरणपोळी हाणणारा मीच. माय दुर्बिणीला हार घालते, नळीला कुंकू लावते, मी कधी हूं की चूं केलं नाही. यंदा तू आरसा साफ करायला बाहेर काढलास, पाटावर ठेवलास आणि आंघोळीला गेलास. मायनं विचार केला असणार, नळी तर नुसतं पिंप, खरा देव हा. आणि काचेच्या मधोमध हळदकुंकवाची चांगली पाच बोटं ओढली, वर अक्षता वाहिल्या. मायचं काही चुकलं नाही. दुर्बिणीत देव कुठं बसतो ते तिला शाळा न शिकता कळलं. राग तुझा येतो. तू मास्तर ना? बाहेर येऊन ते बघितलंस आणि ओला पंचा घेऊन खसाखसा पुसलंस!

अरे, किती वेळा सांगितलं होतं, हा न्हाणीतला आरसा नव्हे. न्हाणीतल्या आरशाचा मुलामा काचेच्या मागं लपलेला असतो, आपल्याचा पुढं, उघडाबोडका. त्याच्यावर धूळ बसली तर बसू द्यावी, थोड्या धुळीनं शनीची कडी पुसली जात नाही. अगदीच राहवलं नाही तर वाहत्या पाण्याखाली धरायचा, साबणाचे दोन थेंब, ओल्या कापसाचा बोळा त्याच्याच वजनानं फिरवायचा, शेवटी बॅटरीत घालतात ते पाणी वरून सोडायचं आणि उभा करून निथळू द्यायचा. कुंकू तर आपोआप वाहून गेलं असतं. पण तनुजा म्हणाली, पप्पा घाबरले, काका परत म्हणतील माझ्या हाताची घाण लागली, असंच पुटपुटत होते आणि अजून जोरात घासत होते. त्या बोलण्याचं नंतर लिहितो, बद्री.

आधी हे डोक्यात घे, की काच शाबूत आहे. गेला तो मुलामा. मी दुकानातल्या भिंगाखाली धरून सगळी काच बघितली, दोन बारीक रेघा आहेत, त्यांनी चंद्राचं काही बिघडत नाही. पुण्याला पाठवून नवा मुलामा चढवता येतो. दहाबारा वर्षांनी तो तसाही चढवायचाच असतो. चष्म्याच्या काचा घासण्यात माझा जन्म गेला, दुकान तुझ्या फुलंब्रीच्या बसच्या वाटेवर, आणि तू सल्ला कुणाचा घेतलास? मोबाइलमधल्या कुण्या शहाण्याचा! तो म्हणाला आरसा भंगारात गेला, नवीन दुर्बीण घ्या, आणि तू शाळेसाठी ती पांढरी नळी मागवलीस. खोक्यावर लिहिलंय म्हणे, सहाशे पंचाहत्तर पट मोठं दिसतं. माझ्या कपाळाला आठ्या पडल्या ते तनुजानं बघितलं. अरे बाबा, दुर्बीण पटीवर जोखायची नसते, तोंडावर जोखायची. तोंड मोठं तेवढा उजेड आत. तीन इंच तोंडाच्या नळीला दीडशे पट म्हणजे डोक्यावरून पाणी, त्याच्या पुढं नुसता धूसर गोळा दिसतो. आणि तिचे ते अगरबत्तीसारखे पाय! पोरानं श्वास सोडला तरी गुरू थरथरणार. पोरांना वाटेल, आभाळात बघण्यासारखं काही नाहीच. त्यापेक्षा दहा बाय पन्नासची दोन डोळ्यांची दुर्बीण बरी होती, कृत्तिका बघून पोरं ओरडली असती. आणि एक गोष्ट चेष्टेवारी नेऊ नको. खोक्यात सूर्य बघायची काळी काच आली असेल, डोळ्याकडच्या बाजूला बसवायची. ती आजच्या आज दगडानं ठेच. उन्हानं तडकते ती, आणि तडकली त्या वेळेला पोराचा डोळा तिथंच असतो.

हे सगळं तुला ठाऊक होतं. मला माहिती आहे तुला ठाऊक होतं, कारण तुझ्याएवढा मन लावून शिकलेला माणूस मी बघितला नाही. दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात तू वडलांचा चष्मा न्यायला आलास आणि चष्मा राहिला बाजूला, भिंग कसं घासतात हेच विचारत बसलास. त्या वर्षी मंगळ लई जवळ येणार म्हणून पेपरात रोज येत होतं. आपण म्हटलं, दुर्बीण आपल्या हातानं करू. दुकानाच्या मागं तेलाचं पिंप उभं केलं, त्याच्यावर एक काच ठेवून दुसरी फिरवत राहिलो, दर रविवारी. मधे घासायची पावडर, आधी जाड, मग बारीक, मग अजून बारीक, शेवटी राळेच्या थरावर पॉलिश. जाड पावडरीचा एक कण जरी शेवटपर्यंत मागं राहिला तरी काच चिरते, हे मी तुला पहिल्याच दिवशी मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं. आणि तसंच झालं. आरपार मधून ओरखडा. मंगळ आला तेव्हा आपल्याकडं दुर्बीण नव्हती. अंधार पडल्यावर दौलताबादच्या रस्त्याला जाऊन नुसत्या डोळ्यांनी तांबडा ठिपका बघितला. पुढच्या वर्षी दुसरी काच आणली, हीच.

तेव्हापासून तू दुकानात आलास की आधी मागच्या नळावर जातोस. कोपरापर्यंत हात धुतोस, नखं घासतोस, नुसता चहा घ्यायचा असला तरी. आबेदा हसायची, भाईजान नमाजला उभे राहणार का म्हणायची. तूही हसायचास. मी कधी हसलो नाही, तुझ्या ध्यानात आलंय का?

आता सांगतो. दोन पानं तुझ्यावर तोंड टाकलं, कारण हे लिहायला हात उचलत नव्हता. बद्री, पहिली काच तुझ्या हातानं गेली नाही. ती मी खराब केली. त्या शुक्रवारी दुकान बंद होतं. नमाज झाल्यावर मी एकटाच पॉलिशला बसलो. तुझा हात माझ्यापेक्षा साफ चालत होता, चष्मेवाला मी आणि वाखाणणी तुझी, ते मला खुपायचं. म्हटलं, रविवारी येईल तेव्हा तयार आरसा समोर ठेवू. काच धुतली, टॉवेल उचलून पुसली आणि परत राळेवर ठेवली. टॉवेल पहिल्या दिवसांतला होता, जाड पावडरीचा. कर्र असा आवाज आला आणि मला त्याच क्षणी कळलं. रविवारी तू शेंगांची पिशवी घेऊन आलास, तेव्हा चार गिऱ्हाइकांसमोर मी तुला म्हणालो, शेतातली माती नखांत घेऊन येतोस, मग दुसरं काय होणार? तू आपली नखं बघितलीस आणि हात खिशात घातलेस. दोन दिवसांत सांगू म्हटलं, ते बावीस वर्षं राहिलं. काल तुझी चिठ्ठी वाचली आणि आबेदाला सगळं सांगितलं. ती माझ्याशी धड बोलत नाहीये, आणि तिचं बरोबर आहे. मी शुक्रवारी सकाळच्या बसनं तुझ्या गावी येतोय. मायसमोर, तनुजासमोर हे सगळं तोंडानं सांगणार आहे. तुला त्या दिवशी मी चारचौघांत अचानक ऐकवलं होतं, तसं यावेळी होऊ नये, आधी तुझं तुला एकट्याला वाचता यावं, म्हणून हे पत्र. दार उघडायचं की नाही, ते तू ठरव.

तुझाच, आणि आज पहिल्यांदा तुला घाबरलेला,
जहांगीर