गुमताऱ्यावर मी नव्हतो

पूर्णा, ता. भिवंडी
९ फेब्रुवारी १९९२

आदरणीय फखरुद्दीन मास्तर,

केसरीनाथचा सलाम. म्हसळ्याचा पत्ता तुमच्या पुतण्याकडून, मुनीरकडून घेतला. निवृत्तीनंतर तुम्ही लेकीकडे, सालेहाकडे असता, नातवाला पाढे शिकवता, असं तो म्हणाला. गुडघे कसे आहेत? इकडे थंडी सरली. गावात भाताची शेतं जाऊन गोदामं उठू लागलीत. आमचीही एक पट्टी गेली. हौसा बरी आहे.

काही काम होतं का, असं मुनीरने विचारलं. मी म्हटलं, सहज. सहज नव्हतं.

गेल्या महिन्यात शाळेची सहल गुमताऱ्यावर गेली. मला नको होती, पण मुख्याध्यापकाने नको म्हणायचं तर कारण द्यावं लागतं. आठ वर्षांनी पायथ्याच्या दुगाडला उतरलो. गडावर उरलंय काय? ढासळलेला तट, खडकात खोदलेली पाण्याची टाकी आणि तो मोडका दरवाजा. दरवाज्यापाशी एकेका मुलाला मी हात धरून वर घेतलं. एक पोरगी म्हणाली, "सर, हात किती घट्ट धरलात."

वाट दाखवायला तोच काळूराम होता, आता थकलाय. तटावर टेकल्यावर त्याने तुमची चौकशी केली. "ते दुसरे मास्तर कुठं हायेत? पोरीला पाठीवर घेऊन उतरले, वाटंत एकदा बी टेकले न्हाय." मग माझ्याकडे बघत म्हणाला, "तुमी तवा खाली माझ्या भावासंगं पडवीत व्हते ना?"

ऊन वाढलंय, उतरूया, एवढंच मी म्हणालो. तिथेही हो म्हणवलं नाही.

मास्तर, तुम्हाला सगळं ठाऊक आहे, तरी एकदा माझ्या हाताने लिहू द्या. त्या दिवशी रांगेच्या शेवटी राहायचं काम माझं होतं. तुम्ही मुलांना घेऊन पुढे झालात, मी मागून येतोच म्हणालो आणि काळूरामच्या पडवीत ताडी प्यायला बसलो. एक पेला म्हणून बसलो, तो बसूनच राहिलो. वर रांगेत मागे असलेली नऊ वर्षांची हबीबा दरवाज्याच्या पायऱ्यांवरून कोसळली. तुम्ही तिला पाठीवर घेऊन खाली आलात, तेव्हा माझ्या तोंडाला वास येत होता. सदरा रक्ताने भरलेला असताना तुम्ही खिशातून वेलदोडा काढून माझ्या हातावर ठेवलात. म्हणालात, "चावा. तिची आई येईल."

आणि आठवड्याने चौकशीत मी लिहून दिलं, की मी वरच, रांगेच्या शेवटी होतो, हबीबाला मास्तरांनी स्वतःबरोबर पुढे नेलं होतं. मी नवा, नोकरी अजून कायम व्हायची होती. तुम्ही एकदाच माझ्याकडे पाहिलंत आणि साहेबांना म्हणालात, "लिहा, चूक माझी." तुमची बदली मोखाड्याला झाली. मुख्याध्यापकाची खुर्ची तुमची होती, तिच्यावर पुढे मी बसलो.

सहलीनंतर चार दिवसांनी नारपोलीला हबीबाच्या घरी गेलो. ती आता सतरा वर्षांची आहे. घरी यंत्रमागाच्या कांड्या भरण्याचं काम करते. पाय अजून ओढत चालते. आईसमोर तिला सगळं सांगितलं. आई उठून आत गेली, ती परत बाहेर आलीच नाही. हबीबाने हातातली कांडी खाली ठेवली.

"सर, मी तुम्हालाच बघायला मागे वळले होते," ती म्हणाली. "तुम्ही दिसेनात. वाटलं, रस्ता चुकलात."

मास्तर, आठ वर्षं मी स्वतःला समजावत होतो, की मी वर असतो तरी पोरगी पडलीच असती.

घरी येऊन हौसाला सांगितलं. बायको असूनही तिला आजवर हे ठाऊक नव्हतं. तिने घासायची भांडी बाजूला सारली. मग म्हणाली, "मास्तर मोखाड्याला गेले तरी दर ईदला मी त्यांच्या घरी जेवत होते. तुम्ही मला जेवू दिलंत." तेव्हापासून ती कामापुरतंच बोलते.

दुसऱ्याच दिवशी शिक्षण खात्याला खरा जबाब लिहून दिला. त्याची नक्कल सोबत आहे. सोमवारी बोलावलंय. खुर्ची जाईल, कदाचित नोकरीही. काळूरामलाही जाऊन सांगितलं, तो साक्षीला येतो म्हणाला. मी न विचारताच म्हणाला.

हे पत्र माफीसाठी नाही. एकच विनंती आहे, नक्कल सालेहाला वाचायला द्या. तिची आई गेली तेव्हा मोखाड्याहून तुम्ही मातीला पोचू शकला नाहीत. ती दारात उभी राहून तुमची वाट बघत होती. मी तिच्यापासून चार हातांवर होतो आणि गाडी मिळाली नसेल म्हणून तिची समजूत घालत होतो. तिला कळायला हवं, की शेजारी उभा असलेला तो माणूस कोण होता.

शेवटी 'आपला' लिहायची रीत आहे. मला ते आज लिहवत नाही.

केसरीनाथ