मटेरियल कुणी ठरवायचं

अण्णा, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, आणि बनशंकरीच्या घरात आता मी एकटीच असते. आई तीन वर्षांपूर्वी गेली. शेजारच्या अक्का कंपाउंडवरून "ऊट आयता?" म्हणून विचारतात, जेवण झालं का म्हणून. मी "आयतु" म्हणते आणि घरातलं माझं दिवसभराचं बोलणं तिथेच संपतं. ऑफिस अजून तेच, हेब्बाळचं. यंत्रं बनवणाऱ्या त्याच कंपनीची करारपत्रं मी अजून लिहिते. तुम्ही असताना मी तिथे नुकती लागले होते आणि फार हुशारीत होते.

तो रविवार मला आठवतो. स्वयंपाकघरात तुम्ही विळीवर नारळ खवताय, आई डाळ निवडतेय, आणि मी ओट्याला टेकून माझा पहिला करार तुम्हाला वाचून दाखवतेय. मटेरियल ब्रीच झाल्यास खरेदीदार करार रद्द करू शकेल, असं काहीतरी. तुमचा हात थांबतो. "मटेरियल म्हणजे माल ना? पितळ, पत्रा?" मी हसते. "नाही अण्णा, ब्रीच म्हणजे करारभंग, आणि कायद्यात मटेरियल म्हणजे ज्याने खरंच फरक पडतो असं. बारीकसारीक चुकीसाठी करार मोडता येत नाही. ज्यासाठी करार केला तेच हातचं गेलं, तर मोडता येतो." तुम्ही मान डोलावता. "बरोबर आहे. पण केवढी चूक म्हणजे मोठी?" मी म्हणते, ते परिस्थितीवर असतं, शेवटी कोर्ट ठरवतं. "आणि कोर्टाच्या आधी?" मग मी पुढची ओळ वाचते, मला स्वतःला फार आवडलेली: कोणती चूक मटेरियल, हे एकट्या खरेदीदाराच्या मतावर राहील. तुम्ही विळी बाजूला सारलीत. "म्हणजे पेपर तू काढणार, तपासणारही तूच, आणि पास कितीला ते समोरच्याला सांगणार नाहीस. लिहून द्यायला काय जातं गं?" मी चिडले. "हे तुमच्या कारखान्यातले नटबोल्ट नाहीत, अण्णा." तुम्ही "सरी", म्हणजे बरं, एवढंच म्हणालात आणि खोबरं वाटीत भरून आईपुढे ठेवलंत.

नटबोल्ट म्हणाले खरी, पण तुमचं काम मी पाहिलेलं होतं. मी चौथीत असताना तुम्ही मला एकदा तपासणी विभागात नेलं होतंत. दाराबाहेर एक फळा होता, बाहेरून माल घेऊन येणाऱ्यांना आधी दिसेल असा. कोणत्या दोषाला माल परत जाणार, कोणता दुरुस्त करून चालेल, कोणता नुसता नोंदवून घ्यायचा, सगळं कन्नडमध्ये आणि इंग्रजीत लिहिलेलं. त्या दिवशी एका माणसाची अख्खी पेटी तुम्ही परत पाठवलीत, भोकांचं माप चुकलं होतं म्हणून. तो फळ्याकडे बघत क्षणभर उभा राहिला आणि पेटी उचलून गेला. मी विचारलं, त्याला राग नाही आला? "आला असेल. पण कशासाठी परत चाललाय, ते त्याला माहीत आहे."

दोन वर्षांपूर्वी आनेकलची एक बाई आमच्याकडे करारावर सही करायला आली. नवऱ्यामागे त्याचं छोटं वर्कशॉप ती चालवत होती, दहाबारा माणसं होती तिच्याकडे. कागदावर माझं आडनाव वाचून तिचा चेहरा उजळला. "मॅडम, तुम्ही मराठी काय ओ? आम्ही निपाणीकडचे." मी तिच्यापुढे करार सरकवला, म्हटलं घरी नेऊन वाचा, कुणाला तरी दाखवा. "तुम्ही लिहिलाय न्हवं? मग काय वाचायचं त्यात," असं म्हणून तिने प्रत्येक पानावर सही केली. ती ओळ त्यात होती. माझ्या प्रत्येक करारात असायची. मी तिला थांबवलं नाही.

यंदा आमच्याकडे खरेदीला नवा प्रमुख आला आणि त्याला आनेकलच्या बाईच्या जागी त्याच्या ओळखीचा पुरवठादार हवा होता. तिचा एक लॉट चार दिवस उशिरा आला होता आणि सोबत एक चाचणीचा दाखला नव्हता. भाग उत्तम होते, ते यंत्रात बसूनही गेले होते. मी त्याच्या केबिनमध्ये जाऊन सांगितलं, "सर, यात आपलं काहीच गेलेलं नाही. हा मटेरियल ब्रीच होत नाही. मत आपलं असलं तरी त्याला आधार लागतो, कोर्ट विचारेल." तो म्हणाला, "ती कोर्टात जाणार आहे?" मी म्हटलं, नाही जाणार. "मग प्रश्न काय आहे? व्याख्या तुमचीच आहे ना?" दुपारी मी करार रद्द केल्याची नोटीस लिहिली आणि पाठवली. नाही म्हणता आलं असतं. फार तर कुणीतरी दुसऱ्याने लिहिली असती.

दोन दिवसांनी तिचा फोन आला. "मॅडम, कुठला भाग खराब निघाला, तेवढं सांगा की. दुसरं काय मागत नाही मी. कामावरची माणसं विचारायलीत, त्यांना काय सांगू?" अण्णा, सांगण्यासारखा एकही भाग नव्हता. मी तिला इंग्रजीत सांगितलं की निर्णय कराराच्या तरतुदीनुसार झाला आहे. ती "बरं मॅडम" म्हणाली आणि तिने फोन ठेवला. पुढे आमचा एक इंजिनियर आनेकलला गेला होता, त्याने सांगितलं की वर्कशॉपचं शटर बंद आहे, बाई गावी परत गेली म्हणतात.

त्यानंतर मी ती ओळ काढून टाकली. आता करारात यादी असते: कोणती चूक मोठी, किती उशीर मोठा, आणि सुधारायला किती दिवस मिळतील. नव्या प्रमुखाने न वाचताच मान्य केलं. पुढे येणाऱ्या कुणाच्या तरी ती यादी उपयोगी पडेल. त्या बाईच्या नाही.

हे पत्र कुठेच जाणार नाही, म्हणून एवढं लिहिते. तिचा फोन आला आणि पलीकडून "मॅडम, मी बोलतेय" असं ऐकू आलं, तेव्हा ती कशासाठी बोलतेय हे कळायच्या आधी मला बरं वाटलं होतं. किती आठवड्यांनी माझ्याशी कुणी मराठीत बोलत होतं. आणि मराठीत उत्तर दिलं असतं तर मला खरं सांगावं लागलं असतं, म्हणून मी इंग्रजीत बोलले.