राखाडी गाडीचं दुसरं गिऱ्हाईक

४ फेब्रुवारी

चि. सौ. ठकूस,
अनेक उत्तम आशीर्वाद, विशेष.

बाळ होईपर्यंत अंथरुणातून उठायचं नाही असं डॉक्टरीणबाईंनी तुला बजावलं, हे जावईबापूंनी फोनवर ओरडून ओरडून सांगितलं. ते ओरडत होते, माझं कानातलं यंत्र शिट्ट्या मारत होतं, शेवटी दोघांनीही बरं बरं म्हणून फोन ठेवला. म्हणून हे पत्र. एरवीही फोनवर मी बरी आहेस ना विचारतो, तू बरी आहे म्हणतेस, आणि संपलं. पत्रात तरी खरं लिही. मुलांना पोहायला शिकवणारी तू, दिवसभर पाण्यात असायचीस. ती तू डाव्या कुशीवर पडून कशी राहत असशील, या विचाराने मला जेवण गोड लागत नाही.

मी येणार आहे. एप्रिलात बाळ यायच्या आत येणार, हे पक्कं. अडचण तुला ठाऊक आहे. या वयात तासातासाला उतरावं लागतं आणि बसचा ड्रायव्हर काही माझ्यासाठी आडोसा शोधत थांबत नाही. भाड्याची गाडी करा म्हणशील. ती मला तुझ्या दारात टाकून निघून जाईल. मग तुला दवाखान्यात न्यायची वेळ आली आणि जावईबापू छापखान्यात पाळीवर असले, तर मी काय पाठुंगळीला मारून नेऊ? स्वतःची गाडीच हवी. जुनी चालेल. नोकरीभर वजनमापे खात्याची जीप हाकली आहे, हात अजून विसरलेले नाहीत.

एक सापडली आहे. राखाडी, लहानशी, एका दातांच्या डॉक्टरांची. इंटरनेटवर जाहिरात आहे. क्रमांक पाठीमागे लिहिला आहे, तुलाही बघता येईल. जाहिरातीखाली साइटवालेच एक किंमत-अहवाल देतात. अर्धगोल, त्यावर गाडीला किती किंमत येईल ते सांगणारा काटा. डावीकडे हिरवं म्हणजे स्वस्त, उजवीकडे लाल म्हणजे महाग. आपल्या गाडीचा काटा मधोमध आहे. आता काटा म्हटल्यावर मी कान टवकारणारच, जन्म गेला माझा दुकानदारांचे काटे तपासण्यात. ह्या काट्यावर शिक्का कोणाचा? दुसऱ्या साइटवर हीच गाडी टाकली तर काटा लाल, तिसरीवर हिरवा. त्या तिसरीने तर किंमत दाखवायच्या आधीच माझा नंबर घेतला, आणि दिल्यादिल्या एका मुलीचा फोन आला, ती भलत्याच गाड्या गळ्यात मारायला लागली. ज्याला माल विकायचा आहे त्याच्याच हातात तराजू, असा तो कारभार.

तेव्हा घाई करणार नाही. आमच्या खात्याची रीत साधी आहे. ज्याचं खरं वजन आपल्याला आधीच माहीत आहे, ते पारड्यात टाकायचं आणि काटा काय बोलतो ते बघायचं. शेजारच्या चष्मेवाल्यांनी गेल्याच महिन्यात गाडी विकली. हातात किती आले ते त्यांनी मला सांगितलं आहे. तीच गाडी या तिन्ही साइटवर घालून बघतो.

दूध पीत जा. खिडकी उघडी ठेव. आशीर्वाद बरेच आहेत, पाकिटात मावतील तेवढे धाडतो.

तुझे,
बाबा


११ फेब्रुवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

खरं लिही म्हणालात, तर ऐका. जीव नुसता उबगलाय. पलंग खिडकीशी सरकवून घेतलाय. खिडकीतून समोरच्या इमारतीचा जिना दिसतो, आणि त्या जिन्यावरून चढणाऱ्या-उतरणाऱ्या माणसांचे फक्त पाय. पायांवरून मी आता माणसं ओळखायला लागलेय. छतावर ओल आलीय. तुमचे जावई म्हणतात तो डाग बदकासारखा दिसतो, मला तो ढेरपोट्या फौजदार वाटतो. यावरून आमचं भांडणही झालं. ते दुपारच्या पाळीला गेले की घरात घड्याळ आणि मी. वरच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई डबा आणतात, उशी नीट करतात, आणि हातावेगळं करायचं काम असतं म्हणून लगेच जातात. माझ्या हातांना अजून क्लोरीनचा वास येतो असं मला वाटतं. हे म्हणतात, येत नाही.

गाडी पाहिली. छान आहे हो! मागची सीट जरा मळकी आहे, पण ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडं ठेवून काढलेला फोटो मला आवडला. सगळे फोटो मोठे करकरून बघितले, मला दुसरं काम काय आहे?

पण बाबा, तुमची ती रीत मला माहीत आहे. लहानपणी तुम्ही आमच्या घरातला काटाही तपासायचात आणि आई म्हणायची की हा माणूस साखरेऐवजी वजनंच चहात घालेल. तपासा, जरूर तपासा. फक्त तपासता तपासता एप्रिल उजाडवू नका. हल्ली आईची फार आठवण येते. दुपारी जास्त येते. ती असती तर एव्हाना इथे येऊन माझी कपाटं लावून, तुमच्या जावयांना दोनदा रागावूनसुद्धा झालं असतं. तुम्ही या. कपाटं नाही लावलीत तरी चालेल.

माया आहेच, ती घेऊन लवकर निघावं, एवढंच मागणं.

तुमची,
ठकू


१८ फेब्रुवारी

चि. सौ. ठकूस,
अनेक आशीर्वाद, विशेष.

फौजदाराचा डाग वाढत असेल तर घरमालकाला सांगा. ओलीत बाळ नको.

परीक्षेचा निकाल लागला. तिन्ही साइटी नापास. चष्मेवाल्यांची गाडी प्रत्यक्षात जेवढ्याला गेली, त्याच्या बऱ्याच वर तिघींचे काटे. डोकं खाजवत बसलो, मग उजेड पडला. हे अहवाल लोक जाहिरातीत जी किंमत मागतात त्यावरून बनतात. शेवटी घासाघीस होऊन हातात काय पडलं, ते साइटला कोण कळवायला जातंय? आणखी एक. गाडीचा इतिहास म्हणून वेगळा अहवाल मिळतो, तोही काढला. 'अपघात नाही' म्हणे. अगं, चष्मेवाल्यांनी ती गाडी फाटकाच्या खांबावर घातली तेव्हा मी गच्चीवरून बघत होतो! ओळखीच्या मिस्त्रीकडून बाहेरच्या बाहेर ठोकून घेतली, त्यामुळे कागदावर काहीच नाही. म्हणजे 'अपघात नाही' याचा अर्थ इतकाच, की मला कोणी सांगितलं नाही. तरी अहवाल अगदीच टाकाऊ नाहीत. कुठली गाडी साधारण किती किमतीच्या घरात बसते, एवढा अंदाज येतो. त्यापुढे आपले डोळे.

पण आता वेगळंच लचांड उभं राहिलंय. आपल्या राखाडी गाडीचा काटा लालकडे सरकतोय. खाली लिहून येतं, 'मागणी वाढते आहे'. आणि गाडी कुठून कुठून पाहिली जाते त्याचा नकाशा देतात, त्यावर दोन ठिपके सुजलेत. एक आमच्या गावावर, तो मी. दुसरा, ठकू, तुझ्या शहरावर! तिथला कोणी तरी इसम सकाळ-दुपार-संध्याकाळ ही गाडी बघतोय. नक्की व्यापारी असणार. माझा असा संताप झाला म्हणून सांगू. एवढ्या मोठ्या शहरात ह्याला गाड्या कमी पडल्या का, की माझ्यावरच डोळा ठेवावा? मीही आता तासातासाला बघतो, तो पुढे सरकला का म्हणून. दातांच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो, तर त्यांनी तोच अहवाल माझ्यापुढे धरला आणि किंमत वाढवली. सज्जन माणूस आहे, पण काटा दाखवला की माणूस त्याच्याकडेच बघतो.

म्हणून थोडं थांबतो. तो व्यापारी कंटाळेल, मग काटा खाली येईल. तसाही माझ्या येण्याने असा काय मोठा फरक पडणार आहे? मी विचार करत होतो, तुझ्या आत्याला पाठवलं तर? तिला बाळंतपणातलं कळतं. तिला बसही सोसते. मी मागाहून सावकाश येईन.

औषधं वेळेवर घे. तब्येतीचं सविस्तर कळव, मी वाट बघतोय.

तुझे,
बाबा


२४ फेब्रुवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून मी इतकी हसले की शिंपीणबाई धावत खाली आल्या, त्यांना वाटलं कळा सुरू झाल्या. बाबा, तो व्यापारी मी आहे. तुमच्यावर डोळा ठेवणारा तो इसम इथे डाव्या कुशीवर पडलाय!

रोज बघते. सकाळी जाग आली की आधी बघते, गाडी आहे ना अजून, कोणी नेली तर नाही? दुपारी हे गेले की पुन्हा. तो उघड्या दाराचा फोटो आहे ना, त्यातल्या रिकाम्या सीटवर मी तुम्हाला बसवते. टोपी घालून, आरसा तीनतीनदा नीट करत. मग तुम्ही निघता. वाटेत कुठे थांबाल, चहा कुठे घ्याल, सगळं ठरवते. रोज तुम्ही साधारण आमच्या गल्लीच्या तोंडाशी येता आणि मला झोप लागते. हेही छापखान्यातून जेवणाच्या सुट्टीत बघतात, कालच कबूल झाले. त्यामुळे तो ठिपका आम्हा दोघांचा. किंमत आम्ही वाढवली आणि तुम्ही तासातासाला बघून तिला खतपाणी घातलंत. काय म्हणावं आपल्या घराला!

आता हसणं बाजूला ठेवते. आत्याचं लिहिलंत, ते वाचून मला रडू आलं. आत्या चांगली आहे, पण मला आत्या नको, तुम्ही हवे आहात. बाळंतपणातलं कळणारी माणसं इथे ढीगभर आहेत. माझं म्हणावं असं कोणी नाही. मी पडल्या पडल्या तुमची पत्रं पुन्हा वाचली. पहिल्या पत्रात तुम्ही येणारच होतात. तेव्हा काटा मधोमध होता. तो सरकला आणि तुम्हाला जरा बरंच वाटलं, असं मला का वाटतंय? खरं सांगा बाबा. विश्वास कशावर नाही, गाडीच्या अहवालावर की स्वतःवर?

कालच्या तपासणीत डॉक्टरीणबाई म्हणाल्या की एप्रिलची वाट बाळ बघेल असं दिसत नाही. घाबरवायला लिहीत नाही. पण तुम्हाला कळायला हवं.

आजपासून आम्ही दोघं ती जाहिरात उघडणार नाही. तुम्हीही उघडू नका. रागावून लिहिलं असेल तर पोटात घाला, आणि या.

तुमची,
ठकू


४ मार्च

चि. सौ. ठकूस,
पोटभर आशीर्वाद, विशेष.

तुझं पत्र वाचलं आणि तोंडात मारल्यासारखं झालं. दुकानात शिरल्यावर तपासनीस सगळ्यात आधी काय बघतो? पारड्यावर कोणाचा हात तर नाही ना. नव्या पोरांना मी हे घसा कोरडा करून शिकवलं. आणि इथे आपल्या तिघांचे हात पारड्यावर, आणि मी बाहेर चोर शोधतोय. चष्मेवाल्यांना सांगितलं, तर ते खुर्चीवरून पडायचे बाकी राहिले.

तू सांगितलंस तसं आपण कोणी जाहिरात उघडली नाही. काल दातांच्या डॉक्टरांनीच फोन केला, काटा पार हिरव्यात उतरला म्हणून. बिचारे हिरमुसले होते. साइटचा आता मला फोनवर निरोप येतो, थांबा, किंमत आणखी उतरेल. खोटं कशाला लिहू, एक क्षण मलाही वाटलं, थांबावं. आणि तिथेच मला माझी चोरी सापडली.

तू विचारलंस ते खरं आहे. अहवालाचं निमित्त होतं. मला भीती वाटते, ठकू. आजवर घरात असलं काही आलं की तुझी आई पुढे व्हायची. मी दार धरून उभा राहायचो, औषधं आणायचो, कोणी काही मागितलं की द्यायचो. आता पुढे व्हायला कोणी नाही आणि मागे मी एकटाच आहे. तू कळवळलीस तर मी काय करू? बाळ रडलं तर? इतकं लहान माणूस उचलायचं कसं, तेसुद्धा मला नीट माहीत नाही. तिची उणीव तुला माझ्याकडे बघून जास्तच जाणवेल, असं वाटायचं. म्हणून मी इथे बसून काटे तपासत होतो. तुझ्या आठवणीने जीव कासावीस होतो आणि पाय निघत नाही, असं चाललं होतं.

आज गाडी घेतली. ओळखीच्या मिस्त्रीला घेऊन गेलो. इंजिन गार असताना सुरू करवलं, खाली वाकून सगळं बघून घेतलं. मागच्या दारावर नवा रंग दिसला. इतिहासात अर्थातच काही नाही. डॉक्टरांना विचारलं, तर म्हणाले, आमच्या हिने कठड्याला घासली. न अडखळता सांगितलं, तेव्हाच मी मनात म्हटलं, घ्यायची. अशा गाड्या खरोखर विकलेल्या दोघा-तिघांना आधीच गाठलं होतं, त्यावरून योग्य किंमत काढली आणि तेवढी दिली. हिरव्या काट्यापेक्षा ती जास्तच आहे. तो काटा आपणच हात काढून घेतला म्हणून उतरला होता, त्याचा फायदा घ्यायला मन होईना. घासाघीस केली असती तर आणखी चार दिवस गेले असते ते वेगळंच.

परवा सकाळी निघतो. सावकाश येईन, वाटेल तिथे थांबेन. खिडकीशी उठून बसू नकोस, पडून राहा. आल्यावर काय करायचं हे मला ठाऊक नाही, ते तू सांग. सांगशील ते करीन, नाही समजलं तर पुन्हा विचारीन, त्याची मला आता लाज नाही.

पत्राचं उत्तर मात्र पाठवू नकोस. ते इथे येईल, आणि इथे दाराला कुलूप असेल.

तुझे,
बाबा